दिव्यांगांचा अर्ज भरून देताय? मग हे सात नियम पाळा

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मी यावलचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्याकडे एखादा पोरगा कॉम्प्युटर शिकला की गावात त्याची एक नेमणूक होते. ऑर्डर नाही, पगार नाही, पण काम पक्कं. "काय भो, तुला येतं ना कॉम्प्युटरचं, मग आमच्या आबांचा तेवढा फॉर्म भरून दे." सुट्टीला घरी आलो की चहा संपायच्या आत कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ओट्यावर बसलेलं असतं. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, सगळं येतं. पण मागच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काय येत असेल, तर दिव्यांगांचे अर्ज. यूडीआयडी कार्ड, संजय गांधी निराधारची पेन्शन, एसटीचा पास.

हा भाग दिव्यांग व्यक्तींसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो माझ्यासारख्यांसाठी आहे. म्हणजे भाचा, शेजारी, सीएससी चालवणारा पोरगा, अंगणवाडी ताई, ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, शाळेतले सर. जे दुसऱ्याचा अर्ज भरून देतात. कारण बघा, अर्ज चुकला तर आपलं काही जात नाही. समोरच्याची पेन्शन जाते.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आपल्याकडे दिव्यांगांसाठीचा मुख्य कायदा म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता, त्यात ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत. यातला कळीचा आकडा आहे ४०. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. सरकारी नोकरीत आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. त्यात दिव्यांगांना दरमहा पैसे मिळतात. बरीच वर्षं रक्कम अगदी किरकोळ होती, २०२३ मध्ये ती १,५०० झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० करायचा निर्णय घेतला. वय ६५ च्या पुढे गेलं की श्रावणबाळ योजना लागते. केंद्राचीही एक पेन्शन आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. ती ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना, दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्यांना, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. हो, तीनशेच. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. एसटीत ७५ टक्के सवलत आहे.

पुण्या-मुंबईत बसून २,५०० म्हणजे एका वेळचं हॉटेलचं बिल वाटेल. पण केळीच्या कटाईला, भरणीला जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी ही महिन्यातली एकमेव स्वतःची कमाई असते. किराणा, औषध आणि महत्त्वाचं म्हणजे घरात थोडा आवाज. "माझे पण पैसे येतात" हे वाक्य बोलता येणं, याची किंमत वेगळी आहे.

आता नियम. हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलेले नाहीत. लोकांचे अर्ज भरता भरता, काय बिघडतं ते बघून बघून ठरवलेले आहेत.

नियम पहिला: ज्याचा अर्ज, त्याच्याशी बोला.

साधं वाटतं ना? पण बघा काय होतं. व्हीलचेअरवर बसलेली ताई समोर आहे, आणि आपण तिच्या भावाला विचारतो, "हिचं शिक्षण किती?" ती बारावी झालेली आहे, तिला तोंड आहे, पण प्रश्न भावाला. ऐकू न येणारा माणूस असेल तर लिहून विचारता येतं, मोबाईलवर टाइप करून दाखवता येतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला अर्ज पूर्ण वाचून दाखवता येतो. पूर्ण म्हणजे पूर्ण, खालची बारीक अक्षरातली घोषणासुद्धा, कारण अंगठा तिच्याखाली लागणार आहे.

यात एक प्रश्न पैशांचाही असतो. "खातं माझंच टाक, तो कुठे बँकेत जाणार आहे" असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा हेतू चांगला असतो. पण पेन्शन ही त्या माणसाची आहे, घराची नाही. त्याला विचारा. बौद्धिक दिव्यांगत्व असेल, खरंच निर्णय घेता येत नसतील, तर पालकत्वाची कायदेशीर सोय आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात पालक नेमता येतो. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. आपल्या भागात ती फार कमी जणांना माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगितली. २०१६ चा कायदा म्हणतो की पालकत्वसुद्धा शक्यतो मर्यादित असावं, म्हणजे त्या माणसाच्या बरोबरीने निर्णय घ्यायचा, त्याला बाजूला ढकलून नाही.

आणि नावाने हाक मारा. गावात माणसाचं नाव पुसून त्याच्या पायाचं, डोळ्याचं, कानाचं नाव त्याला लावायची आपली सवय जुनी आहे. तुम्हाला माहीत असलेले सगळे शब्द मी इथे उच्चारत नाही. चारचौघात अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीला हिणवणं हा या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "दिव्यांग" म्हणावं की "अपंग" की आणखी काही, याबद्दल स्वतः त्या मंडळींतच वेगवेगळी मतं आहेत. सोपा उपाय, ज्याला जे आवडतं ते. नाव तर सगळ्यांनाच असतं.

नियम दुसरा: दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.

हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आमच्या यावल तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. डोंगरातल्या पाड्यांवर पावरा, तडवी, भिल्ल वस्ती आहे. या समाजांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीत अडकतात, आणि अंगात भयंकर कळा येतात. कळ नसेल त्या दिवशी पोरगा तुमच्या-माझ्यासारखा चालतो, हसतो. कळ आली की उठता येत नाही. सिकलसेल त्या २१ प्रकारांमध्ये आहे. पण तो पोरगा अर्जाला आला की बघणारे काय म्हणतात? "हा तर धडधाकट आहे की रे."

यात आणखी एक गोम आहे, ती मदत करणाऱ्याने सांगायलाच हवी. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे कायद्यात दिव्यांगत्व आहेत, पण नोकरीतलं जे ४ टक्के आरक्षण आहे, कलम ३४ मधलं, त्या यादीत हे रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र मिळालं की नोकरीचं आरक्षण मिळेल, अशी आशा लावून द्यायची नाही. बाकीच्या गोष्टींसाठी प्रमाणपत्र काढायचंच.

तसंच मानसिक आजार, शिकण्यातली अडचण, कमी दिसणं, एका कानाने ऐकू न येणं. यातलं काही ओट्यावर बसल्या बसल्या दिसत नाही.

मला माहीत आहे, आता तुमच्यातले काही जण म्हणणार, "अरे, पण खोटे पण असतात ना." असतात. २०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण देशभर गाजलं. नाव बदलून ठरल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली, या कारणावरून यूपीएससीने ३१ जुलै २०२४ ला त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरही प्रश्न उभे राहिले. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि निवाडा करायला कोर्ट आहे. मला त्यात पडायचं नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. त्या बातम्यांनंतर चहाच्या टपरीवर, बसमध्ये, बँकेत प्रत्येक दिव्यांग माणसाकडे लोक "हा खरा का खोटा" अशा नजरेने बघायला लागले. एका प्रकरणाची उधारी हजारो लोक फेडतायत.

सुप्रीम कोर्टाने याबद्दल ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात फार स्पष्ट भूमिका घेतली आहे. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना त्रास व्हायचा, त्याला परीक्षेत लेखनिक हवा होता. तो ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही म्हणून नकार मिळाला. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोणीतरी गैरवापर करेल या भीतीपोटी ज्याला खरी गरज आहे त्याची सोय नाकारता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून नियम असा: तपासायचं काम बोर्डाचं आहे, डॉक्टरांचं आहे. आपलं नाही. आपण पोलीस नाही आणि डॉक्टरही नाही. "चालून दाखव बरं", "खरंच दिसत नाही का, ही किती बोटं?" हे आपण विचारायचं नाही. कधीच नाही.

नियम तिसरा: टक्के वाढवून देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, आणि खरं सांगायला लाजू नका.

३८ आणि ४० मध्ये फरक दोन टक्क्यांचा, पण पेन्शन एकाला आहे, दुसऱ्याला नाही. जिथे अशी रेघ असते तिथे दलाल उभा राहतोच. "ओळख आहे, टक्के वाढवून आणतो, एवढे एवढे लागतील." अशा माणसाकडे पाठवायचं नाही, त्याचा नंबर द्यायचा नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात दलाल पैसे घेऊन मोकळा होतो आणि ज्याच्या नावावर कागद आहे तो अडकतो.

पण उलटी बाजू पण तितकीच खरी आहे. आपली माणसं डॉक्टरांसमोर गेली की भिडस्त होतात. डॉक्टर विचारतात, "कसं काय बाबा?" आणि बाबा म्हणतात, "बरं आहे साहेब." चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरून जळगावला आले, रांगेत उभे राहिले, पाय सुजलेला, आणि "बरं आहे साहेब"! ही आपली नम्रता आहे, पण तपासणीच्या दिवशी ती महागात पडते.

म्हणून आदल्या दिवशी बसून एक पान लिहून घ्या. किती वेळ उभं राहता येतं? जिना चढता येतो का? संडासला कोणाचा आधार लागतो का? महिन्यातले किती दिवस अंथरुणात जातात? बरा दिवस कसा असतो, वाईट दिवस कसा असतो? दोन्ही लिहा, खरं लिहा. जास्तीचं नको, कमीचंही नको. सोबत जुने कागद लावा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे. याला बनवाबनवी म्हणत नाहीत, याला तयारी म्हणतात.

आणि टक्के चुकीचे लागले असं वाटलं तर कलम ५९ खाली अपील करता येतं. हा रस्ता लोकांना माहीतच नसतो. ४० च्या खालचं प्रमाणपत्र पण फेकू नका. २०२४ मध्ये नियम बदलले, त्यात कार्डांचे रंग ठरले: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. प्रमाणपत्र देण्याची मुदतही एक महिन्याऐवजी तीन महिने केली. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची तारीख बघा आणि कॅलेंडरवर गोल करा. ती उलटली की पेन्शन अडकते, आणि लोकांना कारण कळत नाही.

नियम चौथा: लागतात तेवढेच कागद घ्या, काम झालं की परत करा, पुसून टाका.

इथे माझा धंद्याचा विषय येतो. आमच्याकडे एक तत्त्व आहे, ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. गावात मात्र अर्ज भरणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये शंभर जणांचे आधार, पासबुकाचे फोटो, यूडीआयडी, रिपोर्ट पडलेले असतात. पोरगा प्रामाणिक आहे. पण मोबाईल हरवला तर? विकला तर? लहान भावाने कोणाला फॉरवर्ड केले तर? आणि हे नुसते कागद नाहीत. "स्किझोफ्रेनिया" असं लिहिलेला रिपोर्ट गावभर फिरला तर त्या मुलीचं लग्न, नोकरी, उठणं-बसणं सगळं बदलतं. ते परत गोळा करता येत नाही.

तर काय करायचं?

शक्यतो अर्ज त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्यासमोर भरा. नुसती ओळख पटवायची असेल तिथे मास्क्ड आधार चालतो का बघा, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. फोटो काढावे लागले तर अर्ज सबमिट झाल्यावर त्यांच्यासमोरच डिलीट करा, आणि डिलीट केलेल्यांचा जो फोल्डर असतो तिथूनही काढा. रिपोर्टाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावू नका. ओटीपी त्यांनी वाचून सांगायचा आणि तो कशासाठी आला ते आपण त्यांना सांगायचं. "ओटीपी सांगा फक्त" असं म्हणायची सवय आपणच लावली, तर उद्या फोनवरचा चोर तेच म्हणेल आणि काकू सांगून मोकळ्या होतील. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा, हे त्यांच्या भिंतीवर लिहून द्या.

आणि एक फार साधी गोष्ट. अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकू नका! हे सर्रास होतं. अर्जदाराकडे मोबाईल नाही, म्हणून भरणारा आपला टाकतो. दोन वर्षांनी तो पोरगा पुण्याला जातो, सिम बदलतो, आणि इकडे त्या माणसाला आपल्याच खात्यात लॉगिन करता येत नाही. त्यांच्या घरातला, कायम राहील असा नंबर टाका.

फोटोबद्दल अजून एक. तीनचाकी सायकल वाटप, कर्णयंत्र वाटप, मागे बॅनर, पुढे पाहुणे, आणि मधे मान खाली घालून बसलेला माणूस. असा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर सायकल त्याचीच राहते, फोटो राहू द्या.

नियम पाचवा: "येतील पैसे" असं वचन देऊ नका. तारीख, पावती आणि ऑफिस सांगा.

आशा देणं सोपं असतं. समोरची म्हातारी विचारते, "येतील ना रे पैसे?" आणि आपण म्हणतो, "येतील आजी, काळजी नको." मग ती दर आठवड्याला बँकेत जाऊन बसते. भाडं खर्च करून.

त्याऐवजी तीन गोष्टी सांगा. अर्ज कोणत्या तारखेला, कुठे दिला. त्याचा नंबर काय, पावती कुठे आहे. आणि आता तो कोणाच्या टेबलावर आहे. संजय गांधी योजनेचं काम तहसील कार्यालयातून चालतं. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे, त्याखाली अधिसूचित असलेल्या सेवेची मुदत ठरलेली असते आणि अपीलही करता येतं. नुसतं तोंडी "देऊन आलो" याला काही अर्थ नाही. पोच घ्या.

एक वही ठेवा. आम्ही सिस्टीममध्ये लॉग ठेवतो तशी. तारीख, कोणाचा अर्ज, काय केलं, पुढे काय करायचं. आधार नंबर त्यात लिहायचा नाही.

"पैसे येत नाहीत" अशी तक्रार आली तर ओरडायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, हयातीचा दाखला दिला का. दुसरी, आधार कोणत्या बँकेला जोडलंय. आता पैसे डीबीटीने येतात, आणि आधारवरचे पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मधे कोणीतरी दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्स खातं काढून दिलं, तिथे आधार जोडलं गेलं, आणि माणूस जुन्या पासबुकात एन्ट्री शोधत बसतो. पैसे दुसरीकडे साठत असतात.

आणि अफवा. "पाच हजार झाली पेन्शन", "उद्या शेवटची तारीख". असं काही आलं की एकच प्रश्न विचारा: जीआर कुठे आहे, त्याची तारीख काय? दाखवता येत नसेल तर पुढे पाठवायचं नाही. विषय संपला.

नियम सहावा: पैसे घेणार असाल तर आधी सांगा.

मदत फुकटच करावी असं माझं म्हणणं नाही. सीएससी चालवणाऱ्याचं पोट त्यावर आहे. वीज, इंटरनेट, प्रिंट, सगळ्याला पैसे लागतात. पण यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायला सरकारी फी नाही. तुम्ही जे घेता ते तुमच्या मेहनतीचे आहेत, हे आधी आणि स्पष्ट सांगा. "वर द्यावे लागतात" हे वाक्य वापरून घेतलेला प्रत्येक रुपया हा चोरीचा आहे, मग वर कोणी मागितले असोत किंवा नसोत. आणि पहिल्या हप्त्यातले अर्धे द्यायचे, असा सौदा तर कधीच नाही.

नियम सातवा: आपली हद्द ओळखा.

आपण अर्ज भरणारे आहोत. औषध बंद करायला सांगणं, "अमुक बाबाकडे जा, तमुक तेल लाव" सांगणं, हे आपलं काम नाही. केस लढवणं पण नाही. डॉक्टरांचं काम डॉक्टरांकडे, वकिलाचं वकिलाकडे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. सरकारी यंत्रणेकडून दाद मिळत नसेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. २०२२ पासून राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही आहे. लेखी तक्रार तिथे जाऊ शकते.

कधी कधी माणूस चिडून येतो. पाच चकरा झालेल्या असतात, राग आपल्यावर निघतो. ऐकून घ्या. तो तुमच्यावर नाही रागावलेला, तुम्ही त्याला भेटलेले पहिले ऐकणारे आहात एवढंच. पण शिवीगाळ झाली तर "काका, आज थांबू, परवा बसू" असं म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे.

आणि कधी कोणी सहज म्हणून जातं, "जगून तरी काय करायचंय." हे हसण्यावारी नेऊ नका. "असं नको बोलू" म्हणून गप्प पण बसवू नका. अर्ज बाजूला ठेवा, सरळ विचारा, ऐका, घरच्या विश्वासातल्या माणसाला त्यांच्या परवानगीने सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो. शेजारी बसून लावून द्या. आणि लगेचचा धोका वाटत असेल तर परवानगीची वाट बघू नका, त्यांना एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या.

हे झाले सात नियम. शेवटी माझ्याच क्षेत्रातल्या मंडळींना दोन शब्द.

आपण जे पोर्टल, जी अॅप बनवतो, त्यातून हे सगळं पुढे जातं. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून खटल्यात निकाल दिला. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेचं डिजिटल केवायसी करता येत नव्हतं, कारण स्क्रीन म्हणायची "डोळे मिचकावा", आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. कोर्टाने सांगितलं, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कलम २१ चा. तो "डोळे मिचकावा" कोणीतरी इंजिनिअरनेच लिहिला होता ना? वाईट माणूस नसेल तो. त्याने फक्त स्वतःसारखा चेहरा डोळ्यासमोर ठेवला होता. ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ज्याला कॅप्चा दिसत नाही, ज्याला दोन मिनिटांत ओटीपी टाइप करता येत नाही, त्याला धरून अर्ज बनवला, तर ओट्यावरची रांग आपोआप कमी होईल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेही जुन्या प्रकारांच्या यादीने. म्हणजे खरा आकडा त्याहून मोठा असणार. या सगळ्यांना कायदा पाठ नसतो, आणि असायची गरजही नाही. त्यांना बऱ्याचदा एक माणूस लागतो, जो अर्ज नीट भरेल, कागद सांभाळेल, आणि त्यांच्याकडे संशयाने बघणार नाही.

तुमच्या गावात तो माणूस बहुतेक तुम्हीच आहात, म्हणून तर तुम्ही हे शेवटपर्यंत ऐकलंत. एक काम करा. हे सात नियम एका कागदावर तुमच्या शब्दांत लिहा आणि जिथे बसून अर्ज भरता तिथे लावा, येणाऱ्याला दिसेल असे. म्हणजे तुम्ही चुकलात तर तो बोट दाखवून म्हणू शकेल, "भाऊ, तिसरा नियम काय लिहिलाय बघा."

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात अपिलाचा अर्ज कसा लिहायचा ते बघू, कलम ५९ वालं. काळजी घ्या. नमस्कार.